जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि गायब वायफाय (मुक्काम सांगली)

जास्वंद · रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत घरीच आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. घरात २००९ सालचा लॅपटॉप पडून होता. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, बॅटरी मेलेली, चार्जर लावूनच चालतो. त्यावर विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, क्रोमही १०९ आवृत्तीवर अडकून बसलं. म्हणून लिनक्स मिंट २२ टाकलं, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपवालं. आवाज, स्क्रीन, टचपॅड सगळं झकास. वायफाय तेवढं नाही. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारली की वायर्ड एवढंच दिसतं, वायफायचा उल्लेखच नाही. विंडोजमध्ये हेच वायफाय चालत होतं, तेव्हा कार्ड मेलेलं नसावं.

राउटर वरच्या मजल्यावर दिरांकडे आहे. केबल खाली आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल, आणि त्याला सासूबाईंची मंजुरी नाही.

टर्मिनल कधी वापरलेलं नाही, पण सांगाल ते टाइप करून बघेन. जरा इस्कटून सांगा.

भडंग_स्पेशल · रात्री ९.२०

ताई, तीनचारशे रुपयांचं वायफायचं यूएसबी डोंगल घ्या, लावा, विषय संपला. हे धागे मी लै बघितलेत, शंभर प्रतिसाद होतात आणि शेवटी माणूस डोंगलच घेतो.

मिरज_जंक्शन · रात्री ९.३१

भावा, डोंगल घेताना आत चिप कुठली आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं, आणि लिनक्सला चिपशीच देणंघेणं. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन घे उदाहरणाला. पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची एआर९२७१ होती, लिनक्सवर लावताच चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची ८१८८ईयूएस. खोक्यावर मॉडेलचं नाव तेच. लोक जुन्या शिफारशी वाचून नवीन आवृत्ती आणतात आणि मग नवा धागा काढतात.

ताई, आधी आतलं कार्ड बघू.

आयर्विन · रात्री ९.४८

जास्वंद, काहीही डाउनलोड करू नका अजून. आधी कार्डाची ओळख पटवू.

फोनवरून लिहितोय, म्हणून कमांड देवनागरीत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. पहिली: एल-एस-पी-सी-आय, मग एक जागा सोडून, डॅश, लगेच एन-एन-के. बरंच काही छापून येईल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ आणि तिच्या खालच्या तीन ओळी इथे टाका. चौकटी कंसात दोन आकडे दिसतील, मध्ये विसर्गचिन्ह. ते चुकवू नका, सगळं त्यावर आहे. पहिला भाग कंपनीचा: १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी ॲथेरॉस, ८०८६ इंटेल. दुसरा भाग नेमक्या चिपचा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून अंदाज बांधू नये, एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोनतीन वेगवेगळी कार्डं घालत.

दुसरी: आर-एफ-किल, जागा, लिस्ट. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ समोर काय येतं ते सांगा. त्या काळच्या लॅपटॉपला कडेला सरकवायचं बटण असायचं किंवा फंक्शन कीवर वायफाय बंद व्हायचं. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ आलं तर ड्रायव्हरच्या नादाला लागायचंच नाही, आधी ते बटण शोधायचं.

जास्वंद · रात्री १०.१५

हे घ्या, बघून बघून उतरवलंय.

नेटवर्क कंट्रोलर: ब्रॉडकॉम, बीसीएम४३१२, ८०२.११बी/जी, एलपी-पीएचवाय, [१४ई४:४३१५]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बी४३-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: एसएसबी

सॉफ्ट आणि हार्ड दोन्हीसमोर ‘नो’ आहे.

म्हणजे ड्रायव्हर आहे ना? ‘इन यूज’ लिहिलंय की.

आयर्विन · रात्री १०.२९

इथेच सगळे फसतात. ड्रायव्हर आहे, कार्डाला त्याने धरलंयही. पण या चिपला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चढवायचा छोटा प्रोग्राम, लागतं, आणि ते तुमच्या मशीनवर नाही. ड्रायव्हर म्हणजे मिरजेहून आणलेला तंबोरा, फर्मवेअर म्हणजे त्याच्या तारा. तंबोरा कोपऱ्यात उभा दिसतोय, वाजत मात्र नाही.

खात्री करायला: सुडो, जागा, डी-एम-ई-एस-जी, मग उभी रेघ, मग ग्रेप, जागा, बी४३. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटलं नाही तरी घाबरू नका, टाइप करून एंटर मारा. माझा अंदाज, ‘यूकोड१५.एफडब्ल्यू नॉट फाउंड’ असं काहीतरी येईल.

जास्वंद · रात्री १०.३६

अगदी तेच! यूकोड१५ सापडत नाही म्हणतंय, लाल अक्षरांत. पण मिंटवाल्यांनी ती फाइल आधीच का नाही घातली? बाकी सगळं तर आलं.

आयर्विन · रात्री १०.५२

परवान्यामुळे. बी४३ हा ड्रायव्हर लोकांनी बाहेरून चिपचा अभ्यास करून लिहिला, तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, फुकट आहे. चिपच्या आत चढवायचं फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमच्या मालकीचं, आणि ते वेगळं काढून वाटायची परवानगी त्यांनी दिलेली नाही. म्हणून मिंटच्या फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर या पॅकेजमध्ये फर्मवेअर नसतंच. इन्स्टॉल करताना ते कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरची फाइल इंटरनेटवरून आणतं आणि एफडब्ल्यूकटर नावाचं छोटं साधन तिच्यातून हवे ते तुकडे कापून काढतं.

आता तुम्ही विचाराल, वायफाय सुरू करायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी वायफाय. तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट-टेदरिंगमध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला ते वायर्ड नेटवर्कच वाटतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलींनी बऱ्याच जणांची संध्याकाळ खाल्ली आहे.

मग दोन कमांडी:
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर
दोन्ही झाल्या की रीस्टार्ट.

निवृत्त_मास्तर · सकाळी ६.४०

आयर्विन, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे. तो उघडला की ब्रॉडकॉमचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे डब्ल्यूएल, यादीत येतो. ठिपका लावा, ‘अप्लाय’ दाबा. इंटरनेट नसेल तर इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून ठेवा, त्यातलंच पॅकेज उचलता येतं. मी ४३१२ ला कायम हाच वापरत आलो, वेगही बरा मिळतो.

आयर्विन · सकाळी ७.०५

मास्तर, नमस्कार. चालतो, नाही कोण म्हणतंय. पण डब्ल्यूएलचा मूळ सोर्स ब्रॉडकॉमने २०१५ नंतर पुढे नेलाच नाही, आवृत्ती ६.३०.२२३.२७१ वर गाडी थांबली. पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी उबंटू-डेबियनवाले वरून पॅच लावून तो जगवतात. तो कर्नलच्या बाहेरचा असल्याने दर कर्नल अपडेटला मशीनवर पुन्हा बांधला, म्हणजे कंपाइल केला, जातो. त्यासाठी कर्नलचे हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइली, लागतात, आणि ते नसले किंवा बांधणी फसली की सकाळी उठून बघावं तर वायफाय नाही. बी४३ कर्नलसोबतच येतो आणि फर्मवेअरची फाइल जागची हलत नाही. ताईंना शिकवण्या घ्यायच्यात, कर्नल सांभाळायचा नाही. म्हणून मी बी४३ म्हणतो. ज्या चिपला बी४३ चालतच नाही तिथे डब्ल्यूएलला पर्याय नाही, तेही खरं.

कंपनीच्या साइटवरून ती २०१५ ची फाइल आणून स्वतः कंपाइल करा असं सांगणारे जुने लेख अजून फिरतात. ते मात्र करू नका कुणी. आजच्या कर्नलवर ती तशीच्या तशी बांधली जात नाही.

निवृत्त_मास्तर · सकाळी ७.११

हेडर्सचा मुद्दा मान्य. वेगाचा नाही.

भडंग_स्पेशल · सकाळी ८.३०

डोंगल.

जास्वंद · दुपारी २.४५

एक गोंधळ झालाय. सकाळी फोन जोडून फर्मवेअर टाकलं, काहीही तक्रार न करता झालं. रीस्टार्ट करायच्या आत पुतण्या आला, त्याने मास्तरांचा प्रतिसाद वाचला आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तोही टाकून दिला, ‘दोन्ही असलेले बरे काकू’ म्हणाला. रीस्टार्टनंतर परत वायफाय नाही. एलएसपीसीआयमध्ये आता ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच येत नाहीये. डीएमईएसजीमध्ये बी४३ शोधलं तर रिकामं.

मिरज_जंक्शन · दुपारी ३.०२

पुतण्याला इंजिनियरिंगला घाला, वालचंद जवळच आहे. 😄

आयर्विन · दुपारी ३.२०

काही बिघडलेलं नाही. डब्ल्यूएलचं पॅकेज आल्याबरोबर बी४३ आणि त्याच्या सोबतच्या मॉड्यूल्सना (ड्रायव्हरच्या तुकड्यांना) काळ्या यादीत टाकतं, कारण एका कार्डावर दोघं चढले तर मारामारी होते. मग बी४३ ला उठायची परवानगी नाही, आणि तुमच्याकडे काही कारणाने डब्ल्यूएलही नीट बांधला गेला नाही. कारण शोधत बसायची गरज नाही, त्याला समूळ काढा:

सुडो ॲप्ट पर्ज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

‘रिमूव्ह’ नव्हे, ‘पर्ज’. नुसत्या रिमूव्हने काळ्या यादीची फाइल मागे राहू शकते. मग रीस्टार्ट. फर्मवेअर तुम्ही आधीच टाकलंय, ते पुन्हा नको.

जास्वंद · दुपारी ३.५८

आलं!! शेजाऱ्यांची सहा-सात नावं दिसतायत. फोनचा हॉटस्पॉट लावून बघितला, लगेच जोडला गेला, हा प्रतिसाद लॅपटॉपवरूनच.

पण दिरांचं नेटवर्क पासवर्ड बरोबर टाकूनही पुन्हा पुन्हा पासवर्डच विचारतंय. त्यांनी मागच्याच महिन्यात नवीन फायबर घेतलंय, राउटरही नवा आहे. माझ्या फोनवर तोच पासवर्ड चालतो.

साताऱ्याहून · दुपारी ४.१०

मध्येच घुसतो, माफी असावी. माझा २०१५ चा लॅपटॉप, रिअलटेक आरटीएल८७२३बीई. वायफाय दिसतं, जोडलंही जातं, पण राउटरच्या शेजारी बसलो तरच. पलीकडच्या खोलीत गेलो की एकच कांडी. विंडोजमध्येही असंच होतं का ते आठवत नाही. वेगळा धागा काढू का?

आयर्विन · दुपारी ४.३५

साताऱ्याहून, इथेच सांगतो, नवा धागा नको. पण आधी ताईंचं.

जास्वंद, आता तुमच्या लॅपटॉपचा दोष राहिला नाही, हा राउटरचा मामला आहे. तुमचं कार्ड बी/जी पिढीचं. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ऐकू येतं, ५ गिगाहर्ट्‌झ त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. नवे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतात आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र असं ठेवलेलं असतं. मिश्र असेल तर जुन्या कार्डांनी डब्ल्यूपीए२ वर जोडलं जावं असं कागदावर आहे, प्रत्यक्षात बरीच कार्डं अडखळतात. लक्षण अगदी हेच, पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारणं. लोकांना वाटतं पासवर्ड चुकलाय.

दिरांचं मुख्य नेटवर्क बदलायला लावू नका, त्यांच्या फोन-टीव्हीला ते ठीक चाललंय. राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते फक्त २.४ वर चालू करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२, एईएस. चॅनल ‘ऑटो’ असेल तर १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल कायदेशीर आहेत, पण अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या कार्डांना १२ आणि १३ दिसत नाहीत. राउटर मनाने तिकडे सरकला की नेटवर्क अचानक नाहीसं होतं आणि आपण परत ड्रायव्हर खणायला बसतो.

वेगाची अपेक्षा माफक ठेवा. जीचा कागदावरचा वेग ५४ एमबीपीएस, हातात वीसेक आले तरी पुष्कळ. व्हिडिओ आणि शिकवणीला पुरतं.

मिरज_जंक्शन · सायंकाळी ५.१५

वेग कमी वाटला तर कार्डच बदलता येतं, हेही सांगून ठेवतो. खालचं झाकण काढलं की हाफ मिनी पीसीआय एक्सप्रेसचं बोटभर कार्ड दिसतं, दोन बारीक वायरी आणि एकदोन स्क्रू. भंगारात निघालेल्या लॅपटॉपमधलं ॲथेरॉसचं एआर९२८५ वगैरे मिळालं तर उत्तम, त्याच्या ड्रायव्हरला, एटीएच९के ला, वेगळी फर्मवेअर फाइल लागतच नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारा, शंभर-दोनशेत देतात, कधी चहावरही देतात.

पण एक खोड आहे. काही कंपन्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ठरावीक कार्डांचीच यादी असते. यादीबाहेरचं लावलं की मशीन सुरू होतानाच अडतं. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर ‘१०४-अनसपोर्टेड वायरलेस नेटवर्क डिव्हाइस’, थिंकपॅडवर १८०२ असा आकडा येतो. तसं झालं तर जुनं कार्ड परत लावा, मशीनला काही होत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानातच लावून, सुरू करून बघायचं. वायरी काढताना कनेक्टर सरळ वर उचलायचा. वायर ओढली की तुटलीच.

आयर्विन · सायंकाळी ६.०२

साताऱ्याहून, तुमचा प्रश्न जुना आणि प्रसिद्ध आहे. ८७२३बीई कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात, पण कित्येक लॅपटॉपमध्ये कंपनीने एकच वायर जोडलेली असते. कुठल्या जागेला जोडली ती नोंद कार्डात नीट नसली की ड्रायव्हर रिकाम्या जागेवरून ऐकायचा प्रयत्न करत बसतो. राउटरच्या शेजारीच चालतं ते त्यामुळे.

तात्पुरतं तपासून बघा (पहिली ओळ ड्रायव्हर काढते, दुसरी नव्या आकड्याने परत चढवते):
सुडो मोडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मोडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

सिग्नल वाढला तर ठीक, नाही तर पुन्हा काढून २ च्या जागी १. जो आकडा चालेल तो कायमचा करायला ईटीसी फोल्डरमधल्या मोडप्रोब.डी मध्ये डॉट कॉन्फ शेपटीची नवी फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ घाला: ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२. ‘=’ च्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका.

साताऱ्याहून · सायंकाळी ६.४०

१ ने काही नाही. २ ने थेट चार कांड्या, मागच्या अंगणापर्यंत! इतकी वर्षं मी भिंतींना दोष देत होतो. साताऱ्यात याल तेव्हा कंदी पेढे माझ्याकडून.

भडंग_स्पेशल · सायंकाळी ६.४४

पेढे आयर्विनला आणि आम्ही काय नुसते धागे वाचायचे काय?

तासगावचा_बेदाणा · रात्री ८.२०

माझंही घ्या हातासरशी. लॅपटॉप २०१४ चा, विंडोज ८ वाला होता, आता मिंट. चिप बीसीएम४३१४२, [१४ई४:४३६५]. वरचं वाचून फर्मवेअर-बी४३ टाकलं, काही उपयोग नाही. मग ते काढून ड्रायव्हर मॅनेजरमधून डब्ल्यूएल टाकला, तरी नाही. हाताने मोडप्रोब डब्ल्यूएल केलं तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणतंय. दुकानात बेदाण्याच्या सौद्याची बिलं काढायची असतात, फोनच्या नेटवर किती दिवस ढकलू?

निवृत्त_मास्तर · रात्री ८.४५

हा माझ्या पक्षाचा माणूस! ४३१४२ ला बी४३ चालत नाही, डब्ल्यूएलच लागतो. तुमचा ड्रायव्हर बांधला गेलाय, त्याला आत घेत नाहीत इतकंच. सिक्युअर बूट चालू आहे. २०१२ नंतर, विंडोज ८ सोबत आलेल्या मशीनवर ते असतं. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातूनच परत पाठवतो. जास्वंदताईंच्या २००९ च्या मशीनवर ही भानगडच नव्हती.

दोन रस्ते. बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा. दुसरा नीटनेटका: सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की. एक पासवर्ड विचारेल, कुठलाही द्या पण कागदावर लिहा. रीस्टार्टला निळा पडदा येईल, त्यात ‘एनरोल एमओके’ निवडा, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तोच पासवर्ड. तो पडदा थोडेच सेकंद थांबतो. तुम्ही चहा आणायला गेलात तर निघून जातो आणि सगळं पहिल्यापासून.

जास्वंद · रात्री ९.३०

गेस्ट नेटवर्क झालं. दिरांनी स्वतः उत्साहाने करून दिलं, नाव ‘खालचा मजला’ ठेवलंय. पहिल्या फटक्यात जोडलं. आज एका विद्यार्थिनीला त्यावरच भूमितीचा व्हिडिओ दाखवला, कुठे अडकला नाही.

एकच शंका. अपडेट मॅनेजर आता नवा कर्नल घ्या म्हणतोय. घेऊ का? परत जाणार नाही ना?

आयर्विन · रात्री ९.४१

घ्या बिनधास्त. बी४३ नव्या कर्नलसोबत येईलच, फर्मवेअर आहे तिथेच आहे. तरी कधी काही वेडंवाकडं झालं तर मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडता येतो, म्हणून जुना लगेच काढून टाकू नका. हे डब्ल्यूएलवाल्यांनी जास्त लक्षात ठेवायचं, बेदाणाशेठ तुम्ही सुद्धा. तुम्ही लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे पॅकेज मशीनवर आहे ना तेही बघून घ्या.

तासगावचा_बेदाणा · दुसऱ्या दिवशी, सकाळी १०.०५

पहिल्या वेळी निळा पडदा निघून गेला, गिऱ्हाईक आलं होतं. दुसऱ्यांदा जमलं. वायफाय सुरू, मास्तर, तुम्हाला बेदाणा पोच करतो. आता ब्लूटूथ दिसत नाही. तेही याच कार्डावर असतं ना?

निवृत्त_मास्तर · सकाळी १०.३०

कार्ड एकच, पण ब्लूटूथ आतून यूएसबीवर बसलेलं असतं आणि त्याला वेगळं फर्मवेअर लागतं, एचसीडी शेपटीचं. डब्ल्यूएलचा त्याच्याशी संबंध नाही. एल-एस-यू-एस-बी करून ब्रॉडकॉमची ओळ टाका, आयडी बघून नेमकी फाइल सांगतो. दुपारी बँकेत जायचंय, संध्याकाळी बसू.